मधल्या भाषेचा हिशेब

हिंगोली जिल्ह्यातले औंढा नागनाथ मराठी साहित्याच्या वाचकाला माहीत असते ते नामदेवांमुळे. नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर इथल्या नागनाथाच्या देवळात भेटले, अशी परंपरा आहे. नामदेवांचे नाव ज्या नरसीशी जोडले जाते, ते गावही याच जिल्ह्यात. पुढे नामदेवांची वाणी पंजाबात पोचली आणि १६०४ साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथात त्यांच्या ६१ पदांना जागा मिळाली. मराठी माणसाचा शब्द दुसऱ्या भाषेच्या घरी राहायला गेला आणि तिथलाच झाला, याचे इतके जुने उदाहरण आपल्याकडे आहे.

आज औंढ्याचे नाव आणखी एका कारणाने घेतले जाते. गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा औंढ्याजवळ उभारली जायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह पूर्ण मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. या वेधशाळेच्या थोरल्या बहिणी अमेरिकेत आणि इटलीत आहेत, आणि एक जपानमध्ये, कामिओका येथे डोंगराच्या पोटात आहे. जपानी वेधशाळेचे नाव ‘काग्रा’. हे नाव २०१२ साली जाहीर झाले आणि ते निवडणाऱ्या समितीच्या अध्यक्ष होत्या योको ओगावा या कादंबरीकार. ‘का’ हा कामिओकाचा, ‘ग्रा’ हा इंग्रजी ग्रॅव्हिटीचा. पण दोन्ही एकत्र उच्चारले की जपानी कानाला ‘कागुरा’ आठवतो. कागुरा म्हणजे देवस्थानी होणारे पारंपरिक संगीत-नृत्य. अर्धा शब्द इंग्रजीचा घेऊनही नाव जपानीच राहिले, आणि त्यासाठी शास्त्रज्ञांनी लेखिकेची मदत घेतली, ही गोष्ट मला विचार करायला लावते.

कारण उद्या औंढ्याची वेधशाळा सुरू झाली की कामिओकाहून येणारे म्हणणे इंग्रजीतून येईल. जपानी शास्त्रज्ञ इंग्रजीत लिहील, कोणी संपादक ते तपासील, आणि मग वर्तमानपत्रातून ते मराठीत उतरेल. औंढ्याच्या शाळेतले पोर ते वाचील तेव्हा त्याच्या आणि जपानी माणसाच्या मध्ये दोन-तीन माणसे उभी असतील, आणि त्यांतल्या एकाचेही नाव त्याला ठाऊक नसेल. विज्ञानात हे चालून जाते, कारण तिथे आकडा भाषा बदलली तरी बदलत नाही. साहित्यात मात्र असे चालत नाही. आणि जपानी साहित्य मराठीत बहुतांशी याच वाटेने आलेले आहे. या मधल्या भाषेचा हिशेब मराठी समीक्षेने नीट मांडलेला नाही. प्रस्तुत लेखात तो थोडाफार मांडण्याचा प्रयत्न आहे.

जपानी आणि इंग्रजी यांच्यामध्ये लिहिणाऱ्या, संपादन करणाऱ्या आणि अनुवाद करणाऱ्यांचा एक स्वतंत्र पेशा आहे. टोकियोत १९८० पासून त्यांची ‘स्वेट’ नावाची संघटनाही आहे. जपानी दीर्घ स्वर रोमन लिपीत कसा दाखवायचा, आडनाव आधी लिहायचे की नंतर, कोणता जपानी शब्द तसाच ठेवायचा आणि कोणता फोडून सांगायचा, असल्या बारीक प्रश्नांवर ही माणसे काथ्याकूट करतात. वाचकाला हे प्रश्न क्षुल्लक वाटतील. पण जगाला जपान जसा दिसतो, तो बराचसा याच बारीक निर्णयांतून घडलेला असतो.

कधीकधी निर्णय बारीकही नसतात. हारुकी मुराकामी यांच्या ‘वाइंड-अप बर्ड क्रॉनिकल’ या कादंबरीचा जे रुबिन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९९७ साली आला. प्रकाशकाने पृष्ठसंख्येची मर्यादा घातली होती, म्हणून सुमारे पंचवीस हजार शब्द त्यातून वगळले गेले. रुबिन यांनी ही गोष्ट लपवली नाही. पण जो मराठी वाचक ती कादंबरी इंग्रजीत वाचतो, किंवा त्या इंग्रजीवरून कोणी मराठीत आणली तर वाचील, त्याला आपल्या हातातले पुस्तक कातरलेले आहे हे कळायचे कसे? जर्मनीत असाच प्रसंग घडला. मुराकामींचीच एक कादंबरी २००० साली जर्मन भाषेत आली ती इंग्रजीवरून. दूरचित्रवाणीवरच्या साहित्यचर्चेत तिच्यावर मोठे वादंग झाले, आणि मग लोकांच्या ध्यानात आले की आपण अनुवादाच्या अनुवादावर भांडत होतो. पुढे २०१३ मध्ये उर्सुला ग्रेफे यांनी तीच कादंबरी थेट जपानीवरून जर्मनमध्ये आणली. समीक्षकांनी कादंबरीकाराच्या भाषेवर निकाल दिला होता. वस्तुतः ती भाषा त्यांनी पाहिलीच नव्हती.

मराठीत याचे सर्वांत मोठे उदाहरण हायकू हे आहे. हायकू मराठीत रुजवण्याचे श्रेय शिरीष पै यांचे. २०१७ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या हायकूंतील निसर्ग आणि एकटेपणा अस्सल आहे, त्याबद्दल इथे वाद नाही. प्रश्न आकृतिबंधाचा आहे. मराठी हायकू आला तो जपानी शिकून आलेला नाही. इंग्रजीत छापलेले हायकू वाचून तो आला, आणि येताना इंग्रजी अनुवादकांच्या सवयी बरोबर घेऊन आला.

पहिली सवय तीन ओळींची. जपानीत हायकू परंपरेने वरून खाली एकाच ओळीत लिहितात. त्याचे तीन भाग कानाला कळतात; डोळ्याला ते तोडून दाखवावे लागत नाहीत. तीन ओळी ही इंग्रजी छपाईची सोय आहे. आपण मात्र ‘तीन ओळींची कविता’ हीच हायकूची व्याख्या करून बसलो. दुसरी सवय यमकाची. जपानी हायकूत यमकाचा नियम नाही. हॅरॉल्ड हेंडरसन यांनी आपल्या इंग्रजी अनुवादांत यमक जुळवले, कारण इंग्रजी वाचकाला छोट्या कवितेत ते हवेसे वाटेल असे त्यांना वाटले. मराठीत अनेक हायकूंत दोन ओळींचे यमक आग्रहाने जुळवलेले दिसते, तेव्हा त्या आग्रहाचे मूळ बाशोपाशी शोधून सापडणार नाही. तिसरी गोष्ट झेनची. हायकू म्हणजे झेनचा साक्षात्कारी क्षण, ही समजूत जगभर पसरली त्यात १९४९ ते १९५२ या काळात निघालेल्या आर. एच. ब्लाइथ यांच्या चार खंडांचा मोठा वाटा आहे. बाशोच्या काळी ही रचना माणसांनी एकत्र जमून गुंफायच्या साखळीकवितेची पहिली कडी होती. एकाने सुरुवात करायची, दुसऱ्याने पुढे न्यायची. मिसऱ्यावर मिसरा लावण्याची मैफल ज्याने पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजीतून येता येता मैफल मागे राहिली आणि एकट्या माणसाचे मौन तेवढे आपल्याला मिळाले.

चौथी गोष्ट मोजणीची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हायकू पाच-सात-पाचचा, हे सगळ्यांना पाठ आहे. पण पाच काय? इंग्रजीने सांगितले, पाच सिलॅबल. मराठी-हिंदीत त्याचे झाले पाच अक्षरे. जपानीत मोजतात ते ‘ओन’. ऱ्हस्व स्वराचा एक ओन, दीर्घ स्वराचे दोन. ‘टोकियो’ हे नाव जपानीत ‘तोऽ-क्योऽ’ असे दोन दीर्घ आघातांचे आहे, म्हणून त्याचे ओन चार होतात. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, हे तर आपले मात्रागणित! ओवी-अभंगात अक्षरे मोजणाऱ्या आणि पदांत, गझलेत मात्रा मोजणाऱ्या मराठीला जपानी मोजणी इंग्रजीपेक्षा कितीतरी जवळची होती. आपल्या घरचे माप घरातच होते आणि आपण दुसऱ्याची फूटपट्टी मागून आणली.

इथे गझलेची आठवण होणे स्वाभाविक आहे. गझलही मराठीत बाहेरूनच आली. पण ती कशी आली? माधव जूलियन हे फार्सीचे प्राध्यापक. त्यांचा फार्सी-मराठी कोश १९२५ चा, आणि ‘गज्जलांजलि’ १९३३ ची. आधी कोश, मग गझल. पुढे सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून मतला, काफिया, रदीफ हे शब्द त्यांच्या नावानिशी मराठी मुलांच्या हाती दिले. इलाही जमादारांसारखा कवी त्याच वाटेवर उभा राहिला. उर्दू तर आपल्या घरातच होती. १९४८ पर्यंत मराठवाड्यात ती राज्यकारभाराची भाषाही होती. सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखा मराठवाड्याचा माणूस गालिब आणि इक्बाल मराठीत आणतो, तेव्हा मध्ये तिसरे कोणी नसते. म्हणून मराठी गझल कुठे चुकते आणि कुठे साधते, यावर आपण भांडू शकतो. नियम आपल्याला मुळातून माहीत आहेत. हायकूबद्दल असे भांडण मराठीत फारसे होत नाही. त्यासाठी लागणारी सामग्री आपल्या हाती नाही.

यात खेदाची बाजू अशी की मराठी आणि जपानी यांच्यात काही बाबतींत जे साम्य आहे, ते इंग्रजीच्या वाटेवर हकनाक हरवते. या दोन भाषा एका कुळातल्या नाहीत, हे खरे. पण दोन्हींत क्रियापद शेवटी येते. विभक्तीचे काम करणारे शब्द नामाच्या मागून लागतात. जपानी माणूस प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी ‘का’ म्हणतो, आपणही म्हणतो. दुजोरा मागताना तो ‘ने’ लावतो, आपण ‘ना’ लावतो. हा निव्वळ योगायोग आहे, पण अनुवादकाने फायदा घ्यावा असा योगायोग आहे. हायकूत मध्येच थबकवणारा एक शब्द असतो, त्याला ‘किरेजी’ म्हणतात. इंग्रजी अनुवादकाजवळ तसा शब्द नाही, म्हणून तो आडवी रेघ काढतो किंवा उद्गारचिन्ह देतो. मराठीजवळ ‘च’ आहे, ‘की’ आहे, ‘ना’ आहे, ‘बरं’ आहे. तरी आपण इंग्रजीतली रेघच उतरवून घेतो.

बाशोच्या सर्वांत प्रसिद्ध हायकूत तळ्यात उडी मारणारा बेडूक आहे. तो एक की अनेक, हे जपानी शब्द सांगत नाही. इंग्रजीला सांगावेच लागते. लाफकाडिओ हर्न यांनी अनेक केले, बाकी बहुतेकांनी एक. मराठीत ‘बेडूक’ हा शब्द एकवचनी आणि अनेकवचनी सारखाच! क्रियापद हुशारीने टाळले तर मूळचा संदेह मराठीत जसाच्या तसा राहू शकतो. इंग्रजी पुढ्यात ठेवून बसलेल्या अनुवादकाला मात्र हे सुचणारही नाही, कारण प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याने आधीच देऊन ठेवलेले असते.

रोजच्या बोलण्यातही तेच. जपानी माणूस भेटवस्तू देताना म्हणतो, ‘अगदीच मामुली आहे.’ इंग्रजीत शब्दशः नेले तर ते विचित्र वाटते, आणि संपादक बहुधा ते वाक्य बदलतो. मराठीत ‘फूल ना फुलाची पाकळी’ तयार आहे. ‘योरोशिकु’ या शब्दाने अनुवादकांना घाम फुटतो. आपल्या जुन्या पत्रांच्या शेवटी ‘लोभ असावा’ असायचे, ते जवळपास त्याच जागेवर बसते. कचेरीतला जपानी साहेब ‘केन्तो शिमासु’, म्हणजे ‘विचार करतो’, असे म्हणतो तेव्हा इंग्रजी वाचक आशेने वाट पाहतो. मराठी माणसाला ‘बघू’चा अर्थ सांगावा लागत नाही.

ही जवळीक दोन्हीकडे सारखीच उपयोगी पडेल, असे मात्र नाही. तिला मर्यादा आहेत आणि त्या मान्य केल्या पाहिजेत. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ आपल्या वाचकांच्या आवडीचे पुस्तक आहे. मूळ पुस्तक १९८१ चे. डोरोथी ब्रिटन यांचा इंग्रजी अनुवाद १९८२ चा. मराठीत ते चेतना सरदेशमुख गोसावी यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी आणले. त्यातली मुले आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेत जेवायला बसतात, तेव्हा ‘इतादाकिमासु’ म्हणतात. ‘नम्रतेने स्वीकारतो’ असा त्याचा शब्दार्थ. आपल्या घरातल्या मुलाला घास उचलण्याआधीची बिस्मिल्लाह आठवेल, दुसऱ्या घरातल्या मुलाला ‘वदनी कवळ’ आठवेल. पण अनुवादकाने यांपैकी काहीही तिथे लिहिले तर जपानी मुलाचा धर्म बदलेल. ‘चला जेवू’ लिहिले तर त्यातला अदब जाईल. अशा जागी जपानी शब्दच ठेवून वाचकावर भरवसा टाकावा. ‘चान’ तसाच राहिला हे म्हणूनच बरे झाले. ‘अम्मीजान’, ‘आपाजान’ म्हणणाऱ्या घरांत ‘तोत्तोचान’ हे नाव परके वाटत नाही, जरी ‘जान’चा ‘चान’शी काही संबंध नसला तरी.

याच पुस्तकाच्या मूळ नावात ‘खिडकीजवळची’ असा शब्द आहे. जपानमध्ये त्या काळी कचेरीत बाजूला सारलेल्या, काम काढून घेतलेल्या माणसांना ‘खिडकीजवळचे लोक’ म्हणत. पहिल्या शाळेने बाजूला काढलेल्या मुलीला लेखिकेने तो शब्द लावला. इंग्रजी शीर्षकात खिडकी राहिली, बाजूला सारले जाणे गेले. मराठीत तर नुसते नाव उरले. खिडकीजवळ बसवले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही. तो अर्थ पोचला असता तर हे पुस्तक आपण आणखी वेगळ्या तऱ्हेने वाचले असते.

आता हा सगळा प्रश्न मुस्लिम मराठी लेखकाने का उचलावा? माझे उत्तर नावापासून सुरू होते. जपानी माणूस आडनाव आधी लिहितो. इंग्रजीत लिहिताना दीडशे वर्षे तो आपले नाव उलटे करून देत आला. जपान सरकारने २०१९ मध्ये ठरवले आणि १ जानेवारी २०२० पासून सरकारी इंग्रजी कागदपत्रांत आडनाव आधी लिहिणे सुरू केले. मराठवाड्यातला मुसलमान ही बातमी वाचून हसेल. आमच्याकडे शाळेच्या दाखल्यावर ‘शेख’ आधी, मग नाव, मग पुन्हा ‘शेख’ आणि बापाचे नाव. हा दाखला इंग्रजी रकान्यांच्या अर्जात भरला की पहिले नाव ‘शेख’ होते. एका कचेरीत माझ्या कागदांवर मी, माझा भाऊ आणि माझा चुलता, तिघांचेही पहिले नाव एकच पडले होते, आणि आम्ही तिघे वेगळे आहोत हे सिद्ध करायला दोन महिने खेटे घालावे लागले. रकाने करणाऱ्याने कोणाचे वाईट चिंतलेले नव्हते. त्याने आपल्या भाषेतल्या नावाचा साचा सगळ्यांना लावला, इतकेच. मधली भाषा असेच काम करते. ती वैर धरत नाही, पण तिच्या रकान्यात न बसणारे गळून पडते.

आपण घरात दखनी बोलतो, बाहेर मराठी बोलतो, इबादतीचे शब्द अरबीतले, जुने कागद उर्दूतले. सकाळपासून रात्रीपर्यंत अनुवाद करणारा हा समाज आहे. आणि आपल्याविषयी जे वाचले जाते तेही पुष्कळदा कोणाच्या तरी मधल्या भाषेतूनच वाचले जाते. मग दुसऱ्याचे साहित्य वाचताना ‘हे कोणत्या वाटेने आले?’ असे विचारण्याची सवय सर्वांत आधी आपल्याला असायला हवी.

याचा अर्थ मधली भाषा नकोच, असा कोणी घेऊ नये. औंढ्याच्या वेधशाळेकडे पुन्हा वळू. ‘गुरुत्व’ म्हणजे जडपणा. जपानीत गुरुत्वाकर्षणाला ‘जूर्योकु’ म्हणतात, त्याचाही अर्थ ‘जड-बल’. हा शब्द घडवला शिझुकी तादाओ (१७६०–१८०६) या नागासाकीच्या माणसाने. तो डच व्यापाऱ्यांच्या दुभाष्यांपैकी एक होता. न्यूटनचे विज्ञान सांगणारे जॉन कील याचे पुस्तक त्याला मिळाले ते डच भाषांतरात, आणि त्यावरून १७९८ ते १८०२ या काळात त्याने आपला ग्रंथ सिद्ध केला. म्हणजे जपानला न्यूटन मिळाला तोही मधल्या भाषेतूनच. पण शिझुकीने डच शब्द तसाच उतरवला नाही. त्याचा अर्थ काय, हे त्याने आपल्या भाषेच्या अक्षरांना विचारले आणि नवा शब्द घडवला. दोनशे वर्षांनंतर कामिओकातले शास्त्रज्ञ ज्या लहरींची वाट पाहतात, त्यांच्या जपानी नावात, ‘जूर्योकुहा’ या शब्दात, त्या दुभाष्याचा शब्द आहे.

तेव्हा मागणी साधीच आहे. परभाषेतले पुस्तक मराठीत आले की ते कोणत्या भाषेवरून आले, हे पहिल्या पानावर स्पष्ट छापावे: ‘मूळ जपानीवरून’ किंवा ‘इंग्रजी अनुवादावरून’, आणि दुसरे असेल तर त्या इंग्रजी अनुवादकाचे नावही. समीक्षकाने परीक्षण लिहिताना ते पाहावे आणि नसेल तर विचारावे. पुण्यात जपानी शिकणाऱ्या मुलांची कमी नाही. त्यांतली बहुतेक कंपन्यांचे कागद जपानीतून इंग्रजीत करतात, आणि पोटासाठी ते योग्यच आहे. पण त्यांतल्या दोन-चार जणांनी संध्याकाळी एखादे पान थेट मराठीत करून पाहावे. आणि त्यांत एखादे नाव ‘शेख’ने सुरू होणारे असले, तर ते त्याच क्रमाने छापावे.